चांदीच्या जुन्या स्मारक नाण्यांचे दर्शनी (नाण्यावर छापलेले) मूल्य बँकेत मिळते का, आणि मिळाले तरी घ्यावे का?

धरमपेठकर (नागपूर) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पश्चात त्यांच्या कपाटातील चांदीच्या स्मारक नाण्यांची व्यवस्था लावण्याचे काम माझ्याकडे आले असून, त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. संग्रहात 1969 सालची गांधी जन्मशताब्दीची दहा रुपयांची बरीच नाणी आहेत. स्वातंत्र्याला 25 वर्षे पूर्ण झाली तेव्हाची, म्हणजे 1972 ची, दहा रुपयांची काही आहेत. 1974 ची कुटुंबनियोजनावरील पन्नास रुपयांची आणि 1982 च्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांची शंभर रुपयांची नाणीही आहेत. याशिवाय कॅनडात राहणाऱ्या माझ्या बहिणीने वडिलांना वेळोवेळी भेट दिलेली वीस डॉलरची आणि जर्मनीतील भाच्याने आणलेली दहा युरोची काही चांदीची नाणी आहेत. ही परदेशी नाणी छापील किमतीलाच मिळाली होती, एक पैसाही जास्त द्यावा लागला नव्हता, असे दोघेही सांगतात.

आमच्या बँकेच्या शाखेत भारतीय नाणी दाखवली, तेव्हा काउंटरवरील कर्मचाऱ्याने अशी नाणी आपण कधी पाहिलीच नाहीत, असे म्हणून ती परत केली. इतवारीतल्या एका सराफाने त्यांना ‘अर्धी चांदी’ म्हटले आणि वजनावर भाव सांगितला, तोही बराच कापून. शासनाने शिक्का मारून दिलेल्या नाण्याची किंमत शासनच देणार नसेल, तर त्या शिक्क्याला अर्थ काय, असा माझा साधा प्रश्न आहे. शिवाय आम्हा तिघा भावंडांत वाटणी करायची असल्याने किंमत कोणत्या आधाराने धरावी, हेही समजून घ्यायचे आहे.

नाणेसंग्राहक_विदर्भ यांचे उत्तर:

धरमपेठकर साहेब, कायद्यापुरते उत्तर प्रथम देतो. नाणे अधिनियम, 2011 मध्ये ‘नाणे’ या शब्दाच्या व्याख्येतच स्मारक नाण्याचा समावेश केलेला आहे. एक रुपया व त्यापुढील मूल्याची नाणी एका वेळी एक हजार रुपयांच्या रकमेपर्यंत वैध चलन ठरतात. म्हणजे शंभराची दहा नाणी कोणी देऊ केली, तर ती कायद्याने चालतात; अकरावे नाणे नाकारण्याची मुभा समोरच्याला आहे. शाखेत दाद मिळाली नाही, तर संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात चौकशी करता येईल. परंतु तेथे जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे 15 ग्रॅमचे असून त्यात 80 टक्के, म्हणजे 12 ग्रॅम चांदी आहे. चांदी किलोला सुमारे 833 रुपयांच्या खाली आली, तरच त्या नाण्याचे दर्शनी मूल्य त्याच्या धातूपेक्षा जास्त ठरेल. किलोचा भाव लाखाच्या वर गेलेला असताना, म्हणजे एका नाण्यात बाराशे रुपयांहून अधिक चांदी असताना, त्याचे दहा रुपये मागायला खिडकीवर उभे राहणे म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी पिसांच्या भावात विकण्यासारखे आहे.

1972 च्या नाण्याची गंमत अशी, की ते गांधी नाण्यापेक्षा मोठे आणि जड, साडेबावीस ग्रॅमचे आहे. मात्र चांदीचे प्रमाण 50 टक्क्यांवर आल्याने प्रत्यक्ष चांदी सव्वाअकरा ग्रॅम, म्हणजे गांधी नाण्यापेक्षा कमीच भरते. 1974 च्या पन्नास रुपयांत 34.7 ग्रॅमपैकी सतरा ग्रॅमच्या थोडी वर चांदी आहे आणि 1982 च्या शंभर रुपयांत 35 पैकी साडेसतरा ग्रॅम. आठ वर्षांत नाण्यावरचा आकडा दुप्पट झाला आणि आतली चांदी जवळपास तेवढीच राहिली. आशियाई स्पर्धांच्या नाण्याचा धातू आणि दर्शनी मूल्य यांची बरोबरी किलोला सुमारे 5,700 रुपये या भावाला होते, म्हणजे तो हिशेबही केव्हाच मागे पडला. हल्लीची चांदीची स्मारक नाणी तर मुळात दर्शनी किमतीला मिळतच नाहीत. नव्या संसद भवनाचे 2023 चे 75 रुपयांचे नाणे, तेही 35 ग्रॅमचे आणि निम्म्या चांदीचे, शासकीय टांकसाळीने त्या आकड्याच्या कित्येक पट किमतीला विकले.

इतवारी_सराफा यांचे उत्तर:

आमचा व्यवसाय चांदीचा असल्याने सराफाची बाजूही मांडतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मांडतात ते राणीछाप रुपये आमच्याकडे कोणीही डोळे झाकून घेतो, कारण 11.66 ग्रॅम वजन आणि जवळजवळ 92 टक्के टंच (शुद्धता) हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. आपल्याकडच्या 1972 पासूनच्या नाण्यांत निम्मा भाग इतर धातूंचा असतो. तो वेगळा करायला शुद्धीकरणाचा खर्च येतो, त्यात तूट जाते आणि पुन्हा मजुरी पडते. म्हणून सराफाने भाव कापला, तर तेवढ्यावरून त्याला लबाड म्हणू नये. गांधी नाण्याला मात्र निम्म्या चांदीच्या नाण्यांत टाकून भाव सांगितला असेल, तर ते 80 टक्के टंचाचे आहे हे ठामपणे सांगावे आणि दुसऱ्या दुकानात विचारावे.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ज्या 2011 च्या अधिनियमाचा वर उल्लेख झाला, त्याच्याच कलम 12 नुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘घरचीच नाणी आहेत, आटवून पूजेची वाटी करून घेऊ’ असे म्हणणारी गिऱ्हाइके येतात, त्यांना आम्ही हात जोडून परत पाठवतो. त्यामुळे चांदीचा भाव हा या नाण्यांच्या किमतीचा आधार असला, तरी त्यांना जायचे आहे ते संग्राहकाकडे, भट्टीत नव्हे. मोडीच्या भावात विकायला निघालात, तर नुकसान आपलेच होईल.

माजी_फ्रँकफर्टवासी (पुणे) यांचे उत्तर:

परदेशी नाण्यांबद्दल लिहितो, कारण तिकडे दर्शनी किमतीला चांदी विकण्याचा प्रकार बराच पद्धतशीर होता आणि त्याचे अनुभवही बोलके आहेत.

जर्मनीत 2002 पासून 2010 पर्यंत दहा युरोची स्मारक नाणी 18 ग्रॅमची आणि 92.5 टक्के चांदीची असत, आणि साधी आवृत्ती बँकेत दहा युरोलाच मिळे. आत 16.65 ग्रॅम चांदी असल्याने चांदी किलोला सुमारे 600 युरोच्या वर गेली, की सरकार दहा युरो घेऊन त्याहून जास्त किमतीचा धातू देऊ लागते. तसे झाल्यावर 2011 पासून साधी आवृत्ती तांबे-निकेलची झाली. पुढे 2016 मध्ये पुन्हा पूर्वीइतकीच चांदी घालून दर्शनी मूल्य वीस युरो करण्यात आले. हे तिकडे नवीन नव्हते. ऑटो हान यांच्या स्मरणार्थ 1979 साल घातलेले पाच मार्कांचे नाणे चांदीत काढायचे ठरले होते, पण त्याच सुमारास चांदी भडकल्याने ते तांबे-निकेलमध्येच काढावे लागले.

जर्मनीची मध्यवर्ती बँक आपली स्मारक नाणी दर्शनी किमतीला परत घेते. इतकेच नव्हे, तर 2001 अखेर चलनातून गेलेली मार्कांची नाणीही 1 युरोला 1.95583 मार्क या दराने, कोणतीही मुदत न घालता बदलून देते. मात्र दहा युरोचे हे नाणे केवळ जर्मनीतच वैध चलन आहे. शेजारच्या फ्रान्समध्येही ते दुकानात चालणार नाही, मग नागपुरात कोण घेणार? आपल्याकडचे परकीय चलनाचे व्यावसायिकही एरवी नोटाच घेतात, नाण्यांना हात लावत नाहीत.

कॅनडाची गोष्ट अगदी उलटी आहे. तिथल्या टांकसाळीने 2011 पासून वीस डॉलरला वीस डॉलरचे नाणे विकले. नाणे 99.99 टक्के शुद्ध चांदीचे, पण वजन आठ ग्रॅमच्याही आत. चांदीचा भाव ट्रॉय औंसाला (सुमारे 31.1 ग्रॅमला) साधारण 78 कॅनेडियन डॉलर झाला, तरच त्यातली चांदी वीस डॉलरची होते, म्हणून विकताना टांकसाळीला नफ्याला चांगलाच वाव होता. लोकांनी मात्र ‘चांदीचा भाव पडला तरी वीस डॉलर कुठे गेले नाहीत’ असा हिशेब करून ती घेतली, आणि परत द्यायला गेल्यावर अनेक बँकांनी आढेवेढे घेतले. ब्रिटनमध्येही 2013 पासून वीस आणि पुढे पन्नास व शंभर पौंडांच्या अशाच नाण्यांचे तेच झाले. वैध चलन म्हणजे कर्जफेडीसाठी देऊ केले तर नाकारता न येणारे चलन. बँकेने ते खात्यात जमा करून घेतलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ तिथे होत नव्हता.

आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, असे मला वाटते. शिक्क्याला अर्थ आहे, पण तो ज्या सरकारने मारला त्याच्या हद्दीत आणि त्याच्याच दारात. म्हणून कॅनडाची नाणी बहिणीकडे परत पाठवावीत. ती नाणी विकायची की बँकेत द्यायची, हे त्या दिवशीचा चांदीचा भाव पाहून तिला तिथेच ठरवता येईल. जर्मन नाण्यांतली चांदी दहा युरोहून महाग झाली असल्याने ती मात्र धातू म्हणूनच धरा.

धरमपेठकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बँकेचा विचार सोडून दिला आहे. वाटणी प्रत्येक नाण्यातील चांदीच्या ग्रॅमवर करावी, असे आम्हा भावंडांना वाटते आहे. ते योग्य होईल का? काही गांधी नाणी काळी पडली आहेत, तर पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांतली काही हिरवट आणि चिकट झाली आहेत. वाटणीपूर्वी ती दंतमंजनाने घासून उजळून घ्यावीत, असे घरात सुचवले जात आहे.

नाणेसंग्राहक_विदर्भ:

घासू नका! देवघरातल्या चांदीच्या निरांजनाला जे चालते, ते नाण्याला चालत नाही. दंतमंजनाच्या कणांनी महात्माजींच्या गालाची आणि कपाळाची उंच बाजू आधी झिजते, त्यावर केसासारखे ओरखडे उठतात, आणि संग्राहक भिंगाखाली पाहताक्षणी किंमत पाडतो. काळेपणा हा चांदीचा स्वभाव आहे, तो राहू द्या. हिरवट चिकट थर मात्र पीव्हीसीच्या पाकिटातून झिरपलेल्या द्रव्याचा असतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात तो अधिकच लवकर सुटतो. ती नाणी शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता नुसती बुडवून काढावीत, वाळू द्यावीत आणि पीव्हीसी नसलेल्या कॅप्सूलमध्ये ठेवावीत. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे काम खिडकी उघडून आणि गॅसपासून दूर करावे.

वाटणीसाठी ग्रॅमचा आधार साध्या नाण्यांना योग्य आहे. पण त्यापूर्वी प्रत्येक नाण्यावर सालाजवळची टांकसाळीची खूण पाहा. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका मुंबईचा आणि काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. आरशासारख्या पृष्ठभागाचे आणि ‘बी’ हे इंग्रजी अक्षर असलेले गांधी नाणे निघाले, तर ते मुंबईच्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास काढलेल्या, संचातले आहे आणि ग्रॅमच्या हिशेबात बसणार नाही. ती नाणी वेगळी काढा, मूळ डबी असेल तर डबीसकट ठेवा, आणि तिघांनी मिळून किमान दोन संग्राहकांकडून भाव काढल्याशिवाय ती कोणाच्याही वाट्याला टाकू नका.