आजारी कोंबडीवर घरीच उपचार करावेत का? (चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांनी बोला)

कौलारू:
कोकणात घर आहे, परसात सहा कोंबड्या, पाच गावरान आणि एक गिरिराज जातीची. मागच्या सोमवारी गिरिराज खुराड्यातून बाहेरच येईना. शेपटी खाली, पिसं फुगवलेली, सारखी बसतेय उठतेय, आणि शीट जवळपास नाहीच. एका डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले गाय-म्हैस असेल तर येतो. मग मीच बसले बघायला. आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. ही सकाळी खायला घालायच्या आधी बघायची, रात्रभरात ती रिकामी झालेली असते, तेव्हाही दगडासारखी लागली तर दाणा अडकलाय, आणि पाण्याच्या फुग्यासारखी लागून चोचीला आंबूस वास आला तर आत आंबलंय. रिकामी होती. मग मागच्या बाजूला दोन हाडांच्या मध्ये हलकं चाचपलं तर अंडं हाताला लागलं. अडकलं होतं! घमेल्यात कोमट पाणी घेऊन वीस मिनिटं कमरेपर्यंत बसवली, पुसून कोरडी केली, मागे खोबरेल लावलं, कॅल्शियमची अर्धी गोळी कुटून भाकरीच्या तुकड्यातून दिली आणि अंधारात डालग्याखाली ठेवली. दाबून काढायला गेले नाही, आत फुटलं तर कोंबडी हातची जाते. संध्याकाळी अंडं आलं, कवच कागदासारखं पातळ.
माझं म्हणणं एवढंच की हे प्रत्येकाला यायला पाहिजे. डॉक्टरची वाट बघत बसले असते तर कोंबडी गेली असती.

घाटावरचा:
ताई, अंडं निघालं म्हणून बरं. पण पहिल्या दिवशी सगळे आजार सारखेच दिसतात, पेंगणं, फुगून बसणं, न खाणं. कोंबडी आजार लपवते, कारण कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात. म्हणजे आपल्याला दिसेपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. मला विचारा. दोन वर्षांपूर्वी एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) अशीच पेंगायला लागली, मी मेडिकलमधून माणसांचं अँटिबायोटिक आणून चार दिवस पाण्यातून दिलं, आणि तिला बाकीच्यांतच ठेवलं. पाचव्या दिवशी हिरवट पातळ शीट, मान वाकडी. मानमोडी होती, म्हणजे राणीखेत. सतरातल्या तीन उरल्या. राणीखेत विषाणूनं होतो हो, त्यावर अँटिबायोटिक काय करणार. घरचा उपचार म्हणजे फुकट गेलेले चार दिवस, माझ्या बाबतीत तरी.

निवांत_काका:
आमच्याकडे साधा नियम. पेंगायला लागली की संध्याकाळी रस्सा. ५०० रुपयांच्या कोंबडीला आंघोळ घालणारे लोक बघून हसावं का रडावं कळत नाही 😄

कौलारू:
काका, ती रोज अंडं देते, रस्सा एकदाच होईल.

व्हेट_शिकतोय:
काका, हसण्यावारी नेऊ नका, आजारी कोंबडी कापणं हाच सगळ्यात वाईट पर्याय आहे. शिजवल्यावर बर्ड फ्लूचा विषाणू मरतो हे खरं, पण कापताना, पिसं काढताना, आतडी साफ करताना तुमचे हात आणि नाक कुठे असतं? २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आला. एकदम दोन-चार मेल्या, तुरा निळा-जांभळा, तोंड सुजलेलं, असं दिसलं तर हात लावू नका, १९६२ या हेल्पलाइन नंबरवर किंवा पशुसंवर्धनच्या दवाखान्यात कळवा.

आणि औषधांबद्दल. दुकानदार जी पावडर "सगळ्यावर चालते" म्हणून देतो त्यात बरेचदा एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असतं. अमेरिकेनं ते कोंबड्यांसाठी २००५ मध्ये बंद केलं, युरोपात खायच्या अंड्यांच्या कोंबड्यांना देता येत नाही. आपल्याकडे कोलिस्टिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या जनावरांतल्या वापरावर २०१९ मध्ये बंदी आली. तुम्ही औषध देता आणि तेच अंडं पोराला उकडून देता, हे चालतं का?

कौलारू ताईंनी जे केलं ते मात्र मला मान्य आहे. त्यात औषध जवळजवळ नव्हतंच.

घाटावरचा:
मग फरक काय राहिला? त्यांनी चाचपून ओळखलं, मी न चाचपता पावडर मारली, असंच ना.

व्हेट_शिकतोय:
थोडं कडू आहे पण हो. आणि वेगळी ठेवली नाहीत. पिल्लांना रक्ताची हगवण लागली तर ती बहुतेक कॉक्सीची (आतड्यातल्या परजीवीचा आजार), तिचं औषध वेगळं, ओला भुसा काढला नाही तर तेही पुरत नाही. तुऱ्यावर काळ्या खपल्या म्हणजे देवी, डासांनी पसरतात. प्रत्येकाला एकच पुडी कशी चालेल? आणि एखादी मेलीच तर पुरून टाकू नका, बर्फात ठेवून लगेच पोस्टमॉर्टेमला न्या, फ्रीझरमध्ये गोठवू नका. बाकीच्या वाचवायला तेवढंच हातात असतं. हातानं अंग गरम लागलं म्हणून ताप आहे असंही ठरवू नका, कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं.

कौलारू:
लस द्या म्हणतात सगळे, पण लासोटाची (राणीखेतची लस) मला मिळते ती बाटली १०० डोसची, मिसळली की दोन तासांत संपवायची, माझ्या सहा कोंबड्या. ९४ डोस ओतून द्यायचे? आणि फ्रीजमधून बर्फातच आणायची.

निवांत_काका:
वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी द्यायची. आमच्याकडे सरपंचाच्या फ्रीजमध्ये ठेवतात, शेजारणी पिल्लं घेऊन रांगेत. डोळ्यात एक थेंब. मी रस्सावाला असलो तरी लस चुकवत नाही.

घाटावरचा:
काका तुम्ही आमच्यापेक्षा शहाणे निघालात 😅

कौलारू:
हे वाचतावाचता आत्ता खुराड्यात बघून आले. गावरानातली एक फुगून बसलीय, दाण्यालाही उठत नाही. घाम फुटला. वेगळी करू?

घाटावरचा:
करा आधी. मग विचार.

व्हेट_शिकतोय:
थांबा. हात जवळ नेल्यावर काय करते? शीट कशी आहे?

कौलारू:
गुरगुरते, आणि मनगटाला जोरात टोचलं. शीट एकच पण केवढी मोठी! पोटाखाली अंडी आहेत तीन.

निवांत_काका:
खुडूक आहे, अंडी उबवायला बसलीय. बसू दे तिला. घमेलं आत ठेवा.