थंडीतली विणकामं: एका वेळी किती सुयांवर?

डिसेंबर लागला की आपल्या ग्वाल्हेरात पिशवीत एक स्वेटर बाहीपर्यंत आलेला, एक मोजा जोडीदाराविना आणि कुणाच्या तरी बाळाचं टोपरं अर्ध्यावर, अशी अवस्था बहुतेकींची (आणि एखाददुसऱ्या काकांचीही) होते. रात्री पारा ४-५ अंशांवर आला की घरात सगळ्यांना सगळं एकदम हवं असतं. तर तीन-चार कामं एकदम चालू ठेवताना काय सांभाळायचं, घोळ कुठे होतो आणि विणताना ऊब कशी राखायची, ते इथे लिहा, नावाच्या जागी आपापला मोहल्ला टाकून. एकच विनंती: आजीच्या आठवणी, आपला पहिला स्वेटर वगैरेंसाठी वेगळा धागा काढू. इथे टाके, ग्रॅम, सुयांचे नंबर आणि चुका हव्यात.

आणि हो, बाड्यावरच्या बाजारात, दुकानात हिंदीत ‘ऊन’ म्हणजे लोकर, घरी ऊन म्हणजे ऊन. इथे ऊन सूर्याचंच धरावं.

जनकगंज

तीन कामं. चौथं काढायचं नाही. पण तिन्ही एका जातीची नकोत. एक न बघता होणारं, म्हणजे सगळ्या ओळी सुलट असलेला मफलर. एक डोकं लागणारं, वेणीचं किंवा जाळीचं. आणि एक दोन-तीन बैठकींत संपणारं. पाहुणे आले की पहिलं, दुपारी एकटं असताना दुसरं, आणि दोन्हींचा कंटाळा आला की तिसरं.

यात लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे तिन्हींच्या सुया वेगळ्या नंबरच्या असाव्यात. तिन्हींना १० नंबरच लागत असेल तर एका कामाची सुई दुसऱ्यात जाते, परत घालताना ९ नंबर येतो आणि कळत नाही. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसत नाही, स्वेटरला मात्र दिसतो.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी. अशी:

‘मागची बाजू. सुई १०. टाके १०६. बॉर्डर २२ ओळी, वर ४८. पुढची ओळ उलट.’

शेवटचं वाक्य सगळ्यांत कामाचं. लोकरीच्या गोळ्यावरची कागदी पट्टी त्याच चिठ्ठीला टाचून ठेवा, कारण तिच्यावर शेड नंबर (रंगाचा) आणि लॉट नंबर (कुठल्या खेपेत रंगवली त्याचा) दोन्ही असतात. शेड तोच आणि लॉट वेगळा असला तर रंग बल्बखाली जुळतो, उन्हात पट्टा दिसतो. तसा गोळा आलाच तर दोन ओळी जुन्याच्या आणि दोन नव्याच्या, असं आठ-दहा सेंटिमीटर विणत न्यायचं. जोड विरघळतो.

ओळ अर्धी सोडू नका. सोडावीच लागली तर परत घेताना ज्या सुईवरून लोकर लटकते ती उजव्या हातात. उलट धरली की मध्येच दोन ओळी जादा होतात आणि कापडात भोक पडल्यासारखं दिसतं.

मुरार

सुयांच्या नंबरांवरून पुढे. आपल्याकडच्या जुन्या सुयांना इंग्लंडचे नंबर आहेत, नंबर वाढला की सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिमी, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकन नमुन्यांत उलटं आहे. तिथला ८ नंबर ५ मिमीचा. नेटवरचा नमुना घेताना फक्त मिलिमीटर बघा, नंबर विसरा.

काम सुरू करण्याआधी मापासाठी विणायचा नमुन्याचा चौकोन लहान घातलेला चालत नाही. ३० टाके घाला, १२-१३ सेंटिमीटर विणा, धुवा, वाळवा आणि मग मधले १० सेंटिमीटर मोजा. कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते ओढलेले असतात. मध्यम जाडीची लोकर ४ मिमीवर १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके देते. ९० सेंटिमीटर घेराला १९८ टाके झाले. पण तुमचा हात घट्ट असेल आणि २४ येत असतील, तर त्याच १९८ टाक्यांत घेर ८२.५ भरतो. साडेसात सेंटिमीटर गेले. असे स्वेटर मग धाकट्याला जातात.

अनेक कामं चालू असताना हात बदलतो, हा दुसरा धोका. महिन्याने काम हातात घेतलं की पहिल्या चार ओळी हमखास सैल किंवा घट्ट येतात. म्हणून भाग अर्ध्यात थांबवू नये. बॉर्डर संपली तिथे किंवा बगलेच्या घटीपाशी (टाके कमी करायला लागतात तिथे) थांबावं. परत सुरू करताना आधी दहा मिनिटं मफलर विणून हात मोकळा करावा.

जनकगंज

@मुरार, मफलरवरून एक. एक ओळ सुलट, एक उलट असा साधा मफलर विणू नका, कडा आत वळून त्याची नळी होते. इस्त्रीने काही होत नाही, ती विणीचीच खोड आहे. सगळं सुलट किंवा दोन सुलट-दोन उलट घाला. २० बाय १५० सेंटिमीटरला १५० ते २०० ग्रॅम.

कंपू

संक्रांतीला बाळाच्या बोरन्हाणाचा काळा सेट ज्यांच्या पिशवीत आहे त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवावं. स्वेटरला पुढचा हिवाळा असतो, बोरन्हाणाला नसतो. रथसप्तमीपर्यंत करता येतं एवढाच दिलासा.

आकडे वर्षाच्या आसपासच्या बाळासाठी. बारीक, चार पदरी लोकर, १० नंबर, १० सेंटिमीटरला २८ टाके. घेर ५० सेंटिमीटर म्हणजे १४० टाके. समोरून उघडं, बगलेपर्यंत एकसंध विणलं तर शिवण वाचते. बॉर्डर १२ नंबरवर, एक सुलट-एक उलट, ४ सेंटिमीटर. उंची २८ सेंटिमीटर म्हणजे जवळपास १०० ओळी, म्हणजे सुमारे १४,००० टाके. मिनिटाला २० ते २५ टाके पडतात असं धरलं तर नुसत्या अंगाला ९ ते १२ तास. बाह्या आणि टोपरं वेगळं. हा हिशेब २० डिसेंबरला करावा, १० जानेवारीला नाही. लोकर सगळी मिळून २०० ग्रॅम घ्या, थोडी उरेल.

काळं रात्री विणू नका. बल्बखाली काळा टाका दिसतच नाही, बोटाने चाचपत विणलं की एक टाका दोनदा उचलला जातो आणि १४० चे १४३ होतात. दिवसा, खिडकीकडे पाठ करून, मांडीवर पांढरा पंचा पसरून बसा. सुयांमधून पांढरं दिसलं की टाके सुटे दिसतात. दर दहाव्या ओळीत पांढऱ्या दोऱ्याची गाठ अडकवा. ओळी मोजायच्या नाहीत, गाठी मोजायच्या.

लोकर गुळगुळीत घ्या. केसाळ लोकर दिसते छान, पण हलव्याच्या दागिन्यांचे काटे तिच्यात अडकतात. हार काढताना लोकर ओढली जाते आणि पांढऱ्या हलव्यावर काळे तंतू चिकटतात. जाळीची वीणही नको, चुरमुरे भोकांत बसतात. गळ्याशी लांब नाड्या नकोत, तिथे दोन बटणं लावा, ती लोकरीने नाही तर शिवणाच्या दोऱ्याने.

या कपड्यांत डांबरगोळी अजिबात ठेवू नये. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी तिच्या वासानेही फुटू शकतात. दिसून तर येत नाही कुणाचं कमी आहे ते.

ठाटीपूर

एकच मोजा होऊन दुसरा राहणं, याचं कारण कंटाळा कमी आणि टाच जास्त. पहिल्याची टाच कशी वळवली ते विसरलेलं असतं. म्हणून पूर्ण आकडे.

चार पदरी लोकर, १३ नंबरच्या (२.२५ मिमी) दोन्हीकडे टोक असलेल्या सुया, ६४ टाके. दोन सुलट-दोन उलट १५ सेंटिमीटर. मग निम्म्या, म्हणजे ३२ टाक्यांवर टाचेची पट्टी, ३२ ओळी. समोरच्या ओळीत एक टाका न विणता सरकवायचा, एक सुलट. त्याने पट्टी दुहेरी जाड होते.

टाच वळवणं: पहिला टाका सरकवा, १६ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि उरलेले १२ तसेच सोडून वळा. आता एक सरकवा, ३ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, वळा. याही बाजूला १२ उरले पाहिजेत. नसतील तर इथेच उसवा, पुढे जाऊन जुळत नाही. यापुढे दर ओळीत, वळल्यामुळे पडलेल्या फटीपर्यंत जायचं, फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके एकत्र करायचे, पुढचा एक विणायचा, वळायचं. शेवटी १८ राहतात.

पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचला. १८ + ३२ + समोरचे ३२ = ८२. एकाआड एक फेरीत २ घटवत ९ घटी झाल्या की पुन्हा ६४. पाऊल २४ सेंटिमीटरचं असेल तर १९ वर बोटांची घट सुरू: एकाआड एक फेरीत ४ घटवत ३२ पर्यंत, मग प्रत्येक फेरीत ४ घटवत १६ पर्यंत. उरलेले ८-८ समोरासमोर धरून सुईने जोडा.

जोडीला १०० ग्रॅम. नायलॉनची भेसळ असलेली लोकर मिळाली तर तीच घ्या, नुसत्या लोकरीची टाच एका हिवाळ्यात विरते.

हजिरा

तानसेन समारोहात विणकाम नेणाऱ्यांना विनंती. ॲल्युमिनियमच्या सुया नकोत. आलाप चालू असताना टकटक चार रांगांपर्यंत जाते, आणि डिसेंबरच्या रात्री त्या हाताला बर्फासारख्या लागतात ते निराळंच. बांबूच्या गोल सुया न्या, पडल्या तरी घरंगळत नाहीत.

दौलतगंज

मेळ्यातून सुटी लोकर घेणाऱ्यांसाठी. आपला मेळा १९०५ पासून भरतोय, पण पट्टी नसलेल्या लोकरीवर विश्वास ठेवायचा तो जाळून बघितल्यावरच. पाच सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून मोरीत, आगपेटीने. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, ज्योत काढली की विझते, राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. मणी गार होईपर्यंत हात लावू नका, चिकटतो.

हे कळायला हवं, कारण दोघांचे शत्रू वेगळे. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. कसर लागते तीही तिलाच. ॲक्रिलिकला कसर खात नाही, पण इस्त्री टेकली की वीण मेल्यासारखी लोंबते आणि परत येत नाही.

जुने स्वेटर उसवायचे असतील तर आधी आतली शिवण बघा. मशीनने कापून ओव्हरलॉक केलेली असेल तर हात लावू नका, प्रत्येक ओळीला तुकडा निघेल. टाक्याला टाका जोडलेली असेल तर उसवा, आणि विणताना जिथे टाके बंद केले त्या टोकाकडून. खालच्या बॉर्डरकडून सरळ उसवतच नाही.

उसवलेली लोकर लगेच विणू नये. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास, मग टांगून वाळवा. शेवयांसारख्या वळ्या जातात. वळ्यांसकट विणलं तर टाके मोठे-लहान पडतात आणि मुरारच्या ताईंचा चौकोनसुद्धा खोटं बोलतो.

मुरार

:) बरोबर.

आता उबेचं. गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर हे सगळ्यांत फायद्याचं ‘तिसरं काम’. दोन लिटरची पिशवी साधारण २० सेंटिमीटर रुंद. मध्यम लोकर, ८ नंबर, प्रत्येक बाजूला ४२ टाके, म्हणजे १९ सेंटिमीटर. जरा कमीच हवं, ताणून बसतं. २५ सेंटिमीटर साधं विणून, घटवत २२ टाक्यांवर आणा आणि १० सेंटिमीटर दोन सुलट-दोन उलट मान. टाके एक नंबर जाड सुईने बंद करा, नाहीतर मान ताणली जात नाही आणि गुंडाळलेली पिशवी आत जात नाही. १०० ग्रॅम पुरते.

पाणी उकळतं नको, दोनतृतीयांशच भरा, हवा दाबून काढा, मग झाकण. झाकणातली रबरी चकती कडक झाली असेल तर पिशवी बदला. मधुमेह असलेल्यांच्या पायाशी ठेवून झोपू नये, भाजलेलं कळत नाही.

सिगडी पेटवून विणत बसणाऱ्यांनी खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि झोपण्याआधी ती खोलीबाहेर न्या. बंद खोलीत कोळशाचा वायू साचतो, त्याला वास नसतो.

कंपू

बोटांसाठी: फुटलेल्या कातडीत लोकर अडकते. खोबरेल रात्री, झोपताना. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे आपल्याकडे जानेवारीभर बरणीत दगड. बरणी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. विणायच्या आधी मात्र लावू नका, फिक्या लोकरीवर डाग पडतो.

ठाटीपूर

आणि तिळाची गजक खाताना विणकाम दुसऱ्या खोलीत. तीळ वेणीच्या वळणात शिरला की सुईच्या टोकानेच काढावा लागतो, ओढलात तर टाका निघतो.

लष्कर

धुण्याचं कुणी लिहिलं नाही. आठ-दहा रिठे रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा, कोमट पाण्यात घालून लोकरीचे कपडे दहा मिनिटं बुडवा. पिळू नका, पंच्यात गुंडाळून दाबा. दोरीवर टाकू नका, पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. खाटेवर पसरा, मापाला धरून. धुक्याच्या दिवसात धुऊच नये, तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. ऊन निघालं तर दहाला धुतलेलं चारपर्यंत पालटून घ्या. रंगीत असेल तर आतली बाजू उन्हाकडे.