मोटरहोम सात महिने उभी राहणार, फर्नेसच्या एक्झॉस्टचं काय करावं?

मिशिगनकर
मंडळी, २७ फुटी क्लास सी मोटरहोम (व्हॅन-ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकांवरचं घर) ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत उघड्या यार्डात उभी राहणार आहे. आत प्रोपेन गॅसवर चालणारी, गाडी उबदार ठेवणारी फर्नेस आहे आणि बाहेरच्या भिंतीवर तिच्या एक्झॉस्टचं तोंड सताड उघडं आहे. त्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते, उंदीर शिरतात असं ऐकलं. विकत मिळते ती स्टीलची जाळी कायमची बसवून टाकू, की टेप लावून तोंड बुजवू? आणि दर महिन्याला जाऊन फर्नेस चालवावी लागते का?

निळी_ज्योत
जाळी लावा, पण गाडी उभी आहे तोवरच. फर्नेस पेटवायच्या आधी ती निघालीच पाहिजे. बरेच फर्नेस उत्पादक एक्झॉस्टवर जाळी लावायला मनाई करतात, ते उगाच नाही.

या फर्नेसमध्ये एकाच मोटरवर दोन पंखे असतात. एक घरातली हवा फिरवतो, दुसरा ज्वलनाची हवा बाहेरून ओढून धूर बाहेर ढकलतो. सेल स्विच नावाची छोटी पट्टी वाऱ्याने ढकलली गेली की मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. पण ही पट्टी बहुतेक मॉडेलांत घरातल्या हवेच्या वाटेत असते, धुराच्या नाही. म्हणजे एक्झॉस्ट अर्धा तुंबला तरी पट्टी खुशाल ढकलली जाते आणि फर्नेस पेटते. हवा कमी पडल्याने ज्योत पिवळी होते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. कुठे गॅस्केट (सांध्यातली सीलपट्टी) सैल असेल किंवा हीट एक्स्चेंजरला (ज्योत जिच्या आत जळते त्या धातूच्या पेटीला) तडा असेल, तर तो थेट आत येतो. बारीक जाळीवर काजळी आणि धूळ बसली की परिणाम तोच.

प्रोपेनला घातलेल्या वासामुळे कुंभारीण येते असं सगळे सांगतात. मला वाटतं, आडोशाची, कोरडी, अरुंद नळी आयती मिळते, एवढं कारण तिला पुरेसं आहे. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळीच: थंडीत ती घर बांधत नाही. ते उन्हाळ्यात बांधून झालेलं असतं आणि अळ्या हिवाळाभर आतच असतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये आधी टॉर्च लावून नळी बघा, मग झाका. नाहीतर घरासकट झाकाल.

माती दिसली तर स्क्रूड्रायव्हरने फोडू नका, ढेकळं आत पडतात. कॉम्प्रेसरची हवाही बाहेरून मारू नका, सगळं खोल जातं. व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून, मऊ ब्रशने सैल करत बाहेर ओढा. एवढ्याने निघत नसेल तर फर्नेस बाहेर काढून बर्नर उघडावा लागतो. ते काम टेक्निशियनचं, आणि उघडलेलं प्रत्येक गॅस्केट नवं घालायचं.

खटपट्या
टेप नको. हवाबंद केलं की आत दमट हवा कोंडते आणि बर्नर गंजतो. शिवाय मे महिन्यापर्यंत टेपचा गोंद रंगावर चिकटून बसतो. फोमचा बोळा उंदीर कुरतडतात. भांडी घासायची स्टेनलेसची चोथी तोंडाशी सैल खोचली तर हवा खेळती राहते. साधी स्टील वूल मात्र नको, ती गंजते आणि तिचे तुकडे आत जातात. जाळी घेणार असाल तर भोक ६ मिलिमीटरपेक्षा बरंच लहान हवं. तेवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू सहज आत जातं.

खरा धोका विसरण्याचा आहे. चोथीला हातभर लाल फीत बांधून बाहेर लोंबती सोडा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, थर्मोस्टॅट बंद, फर्नेसचा फ्यूज काढून थर्मोस्टॅटवरच चिकटवा. फ्यूज शोधताना फीत आठवतेच.

वॉटर हीटर आणि फ्रिजचे बर्नरही बघा. तिथे कोळ्याचं एवढंसं जाळं ज्योत बिघडवायला पुरतं.

दर महिन्याला प्रोपेन फर्नेस चालवायची काही गरज नाही. आणि गाडीवर कापडी कव्हर असताना तर चुकूनही नाही. एक्झॉस्टच्या झळेने कापड पेटू शकतं.

मिशिगनकर
पटलं. मग मे महिन्यात पहिल्यांदा पेटवताना क्रम काय ठेवू?

निळी_ज्योत
चोथी काढा, टॉर्चने पुन्हा बघा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं टेस्ट बटण दाबा आणि मागे छापलेली मुदत वाचा. मुदत संपली असेल तर बीप वाजला तरी नवा घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, सेल स्विच लागत नाही, आणि लोक उगाच नळीत घरटं शोधत बसतात.

सिलिंडर हळू उघडा, आधी शेगडी पेटवून पाइपातली हवा जाऊ द्या. मग खिडक्या उघड्या ठेवून फर्नेस. पंखा सुरू झाल्यावर साधारण १५ ते ३० सेकंदांनी ठिणगी पडते. दोन-तीन प्रयत्नांत पेटली नाही तर फर्नेसचा कंट्रोल बोर्ड लॉक होतो; थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा चालू करा. पहिली काही मिनिटं धूळ जळल्याचा वास येतो, तो चालतो. बाहेर तोंडाभोवती काजळी दिसली, भकभक आवाज आला किंवा धूर दिसला, तर लगेच बंद.

डिझेल_तात्या
कुणी डिझेल हीटरवाले हे वाचत असतील तर त्यांचं गणित उलटं आहे. तो महिन्यातून एकदा, उघड्यावर, किमान १०-१५ मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवायचाच. नाहीतर पंपात आणि नळीत जुनं डिझेल घट्ट होतं. मंद आचेवर चालवाल तर काजळीच साठेल. त्याची एक्झॉस्टची नळी शेवटपर्यंत उतरती असावी. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि थंडीत गोठून वाट बंद होते. झोळ टाळता येत नसेल तर सगळ्यात खालच्या जागी पाणी निथळायला बारीक भोक ठेवा, पण ते गाडीच्या तळाबाहेर, मोकळ्या हवेत. आणि चालवायच्या आधी तोंडासमोरचा बर्फ फावड्याने दूर करा.