मदत हवी आहे: शाळेच्या तळघरातला रेडॉन मोजायचाय, पण रात्रीच्या आकड्याचं काय करू?

नमस्कार मंडळी, पुण्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या जुन्या दगडी बिल्डिंगच्या तळघरात कॉम्प्युटर लॅब आणि शेजारी एक वर्ग आहे, फरशीला भेगा, खिडक्या नावाला आणि एसी लावला की त्याही बंद. नववीच्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून तिथला रेडॉन (जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होऊन भेगांतून वर येणारा किरणोत्सारी वायू) मोजायला लावायचाय. पुण्याखाली बसाल्ट, त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने कमीच, त्यामुळे फार काही निघेल असं वाटत नाही, पण कोंडलेल्या हवेचा भरवसा नाही.

ओळखीच्या लॅबवाल्यांकडून एलआर-११५ फिल्मचे डबे मिळतायत. तीनेक महिने टांगायचे, मग फिल्म कॉस्टिक सोड्यात इच करून रेडॉनच्या अल्फा कणांनी तिच्यावर पाडलेले ट्रॅक, म्हणजे बारीक खुणा, मोजायचे. स्वस्तात मस्त. पण फिल्म रात्रंदिवस मोजत बसते आणि आमची शाळा सकाळी सात ते साडेबारा, म्हणजे बाकी वेळ सगळं कुलूपबंद, रेडॉन साचणार, सकाळी दारं उघडून पंखे लागले की उतरणार, मग जी सरासरी येईल ती पोरं घेतात त्या हवेची नाहीच की! डब्ल्यूएचओ म्हणतं १०० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) प्रति घनमीटर, अगदीच जमत नसेल तर ३०० च्या वर नको. समजा १८० आलं, तर मोठ्या बाईंना काय सांगू? आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं तर मेलेच मी.

शिवाय डबा लावायचा कुठे? शिपाईकाका म्हणतात भिंतीला खिळा ठोकून देतो.

प्रतिसाद:
ताई, भिंतीला नको. भिंतीतून थोरॉन (रेडॉनचाच भाऊबंद वायू) पण निघतो, त्याचं अर्धायुष्य मिनिटभरही नाही त्यामुळे तो लांब जात नाही, पण भिंतीलगत साध्या डब्यात आकडा फुगवतो. छतातून दोरीने बाकावर बसलेल्या पोराच्या डोक्याएवढ्या उंचीवर सोडा, पंख्याच्या झोतात नको. एका जागी दोन डबे लावा म्हणजे ताळा बघता येतो.

फिल्म म्हणजे चाळणी समजा. १०० च्या आत आलं तर विषय मिटला, कारण वर्ग भरलेला असताना साधारण त्याहून कमीच असणार. वर आलं तर तासातासाची नोंद ठेवणारं मीटर कुठून तरी आठवडाभर मागून आणा, शाळेचे तास वेगळे काढा आणि तो आकडा बाईंपुढे ठेवा. तोवर ग्रुपवर काही टाकू नका हो.

डबे दिवाळीची सुट्टी संपल्यावर लावा, नाहीतर रिकाम्या शाळेचं मोजमाप होईल. तळघराचा जिना वर उघडा आहे का? असेल तर वरच्या वर्गातही एक टांगा.