मिस्त्री-मजुरांचे फोटो कसे काढावे?

आमच्या गावात वाचनालय बांधून राह्यले, कालच स्लॅब टाकला. पाटीवर पुढाऱ्यांची नावं येतीलच, पण मिस्त्री, रेजा (बाया मजूर), सेंट्रिंगवाले यांचे फोटो आत भिंतीवर लावाचे आहेत, मोबाईलवर काढतो तर उन्हात चेहरे काळे येतात, काय करू?

— दुपारी काढूच नको भाऊ, सकाळी लवकर काढ. लाइनीत उभं नको करू, हातात थापी, घमेलं असू दे.

— अमेरिकन फोटोग्राफर लुईस हाइनचे फोटो पाय बाप्पा, न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधताना १९३०-३१ मध्ये त्यानं कामगारच टिपले, लोखंडी बीमवर लटकलेले.

— पहिले विचारजो. आमच्याकडची रेजा म्हणे मळक्या साडीत नको, दुसऱ्या दिवशी नवी नेसून आली, तोच फोटो लय भारी. अन् एक कॉपी त्यायले दे.

— कॉपीचं ध्यानातच नव्हतं राजा.