152 मतांवर हरलेल्या बाईंना सुवर्णपदक कशाला?

चकोर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "शर्ली चिझम 1972 ला अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीला उतरल्या, पक्षाच्या अधिवेशनात 152 मतं पडली, हरल्या. मग 2024 मध्ये काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, सुवर्णपदक कशासाठी?" वाचून राहवलं नाही. 1968 ला काँग्रेसवर निवडून आलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. गेल्या गेल्या शेती समितीवर टाकलं. मतदारसंघ न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचा, तिथे कुठली शेती? बाईंनी हरकत घेतली आणि समिती बदलून घेतली. नवख्यांनी तोंड उघडायची तिथे रीत नव्हती.

अवधूत: ते मीच लिहिलं. पहिली असणं म्हणजे काम नव्हे. आणि गोळ्या लागल्यावर जॉर्ज वॉलेसला इस्पितळात भेटायला गेल्या! अलाबामाचा गव्हर्नर, त्याच उमेदवारीतला प्रतिस्पर्धी, वर्णभेद कायम राहील म्हणणारा माणूस तो. त्यांच्याच मतदारांना ते झोंबलं होतं.

रानजाई: पुढचंही सांगा. घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात आणताना याच वॉलेसने दक्षिणेतले खासदार वळवले. बाईंची आई स्वतः लोकांकडे घरकाम करायची.

आणि काम म्हणाल तर 2009 चं ऐका. नवरा अमेरिकेत पीएचडीला, मला नोकरीची परवानगी नाही, लेक चार महिन्यांची. डब्ल्यूआयसी, म्हणजे गरजू आया आणि लहान मुलांसाठीची सरकारी पोषण योजना, तिचे कागदी चेक घेऊन दुकानात जायचे. दूध, अंडी, बाळाच्या दुधाचे डबे पट्ट्यावर वेगळे मांडायचे. एकदा अंडी भलत्याच आकाराची उचलली, तर ती बदलून आणेपर्यंत सगळी रांग थांबली. कानशिलं तापली होती माझी. पण लेकीचं दूध चुकलं नाही. ही योजना 1972 ची, आणि तिच्यासाठी झटणाऱ्यांत चिझमबाई होत्या.

निनाद: विद्यार्थी म्हणून जायचं आणि सरकारपुढे हात पसरायचा? आम्ही दोन वर्षं वरणभातावर काढली.

रानजाई: हात पसरला नाही, नियमात बसत होतं म्हणून अर्ज केला. तुमच्या वरणभातात तान्हं बाळ होतं का?

निनाद: बाळ नव्हतं. पण झेपत नसेल तर थांबावं माणसाने.

रानजाई: थांबावं म्हणजे? झालेल्या लेकीला काय सांगू, थांब म्हणून?

चकोर: अहो, विषय चिझमबाईंचा आहे.

रानजाई: विषय हाच आहे. हे असं ऐकून घेणाऱ्या बायकांसाठीच त्या सात वेळा निवडून आल्या.

अवधूत: घरकामगारांच्या वेतनाचं मला ठाऊक नव्हतं. तेवढं मान्य. 152 मतांचं माझं मत तसंच आहे. पण निनाद, लेकीच्या दुधावरून बोलायला नको होतंत.