इंग्लंडमधील शेतांमधून जाणारी वर्तुळाकार पायवाट : परक्या माणसाने उभ्या पिकातून चालावे का?

तापीकाठ (रावेर)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी व जावई ऑक्सफर्डजवळ राहतात आणि मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयता त्यांच्याकडे जाणार आहोत. आयुष्य शेतीत गेल्यामुळे तेथील खेडी आणि शेती पायी फिरून पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुलगी सांगते की, एका गावातून निघून दोन-तीन गावांच्या शिवारांतून पुन्हा त्याच गावी परत येता येईल अशा वाटा तिकडे पुष्कळ आहेत, आणि त्या थेट शेतकऱ्याच्या गव्हातून किंवा गुरांच्या कुरणातून जातात. माझे मन नेमके येथेच अडते. आपल्याकडे केळीच्या बागेत अनोळखी माणूस दिसला तर रखवालदार त्याला हटकतोच, आणि बांधावरच्या येण्याजाण्यावरून भाऊबंदांचे वाद तहसील कचेरीपर्यंत गेलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. दुसऱ्याच्या पिकात पाय ठेवणे मला जड जाते. हा हक्क नेमका कोणाचा व कशाच्या आधारावर असतो, वाट कशी ओळखावी, आणि गुडघेदुखी असलेल्या माझ्या पत्नीला ती झेपेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरणाकाठ (मूळचा चाळीसगावचा, सध्या बर्मिंगहॅम)

काका, आपली शंका रास्त आहे. जमीन शेतकऱ्याचीच असते, परंतु तिच्यावरून जाणाऱ्या ठरावीक वाटेने पायी जाण्याचा हक्क सर्व जनतेचा असतो, आणि तो शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसतो. या वाटा मुळात चर्चला, गिरणीवर, बाजाराला किंवा मजुरीला जाणाऱ्या गावकऱ्यांच्या पायांनी पडलेल्या आहेत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकात सामायिक जमिनींना कुंपणे घालून त्यांची वाटणी झाली, तेव्हा त्या वाटण्यांच्या दस्तांत अनेक वाटांची नोंद झाली, आणि ते दस्त आजही वादात पुरावा म्हणून काढले जातात. पुढे 1949 च्या कायद्याने प्रत्येक काउंटी कौन्सिलवर (आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) अशा वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी आली. त्यासाठी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी (म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतींनी) आपापल्या हद्दीतील वाटांची पाहणी करून माहिती कळवली. त्या नकाशावर वाट एकदा आली की ती अस्तित्वात असल्याचा तोच निर्णायक पुरावा ठरतो, आणि रीतसर आदेशाशिवाय ती बंद करता येत नाही किंवा वळवता येत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये मिळून अशा वाटांची लांबी सुमारे 2,25,000 किलोमीटर भरते.

पिकाबद्दलचा नियम आपल्याला शेतकरी म्हणून विशेष आवडेल. शेताच्या कडेने जाणारी वाट नांगरण्यास मनाई आहे. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीच्या कामासाठी नांगरता येते, परंतु पहिल्यांदा मोडल्यापासून 14 दिवसांच्या आत ती किमान एक मीटर रुंदीची पुन्हा चालण्यायोग्य करून द्यावी लागते, आणि पुढे तिच्यावर पीक वाढू न देणे हीदेखील शेतकऱ्याचीच जबाबदारी असते. म्हणून हिरव्या गव्हातून सरळ गेलेली मोकळी पट्टी दिसली तर संकोच करू नये. ती पट्टी शेतकऱ्याने आपल्यासारख्यांसाठीच राखलेली असते.

वाट ओळखण्यासाठी खांबांवर बाण लावलेले असतात. पिवळा बाण फक्त पायी जाणाऱ्यांसाठी असतो, आणि निळा असेल तर त्या वाटेने घोडे व सायकलीही जाऊ शकतात. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या तेथील सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा एक्सप्लोरर नकाशा असू द्यावा. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण असते, या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि शेतांच्या हद्दीसुद्धा त्यात उमटलेल्या असतात. मोबाइलवरील नकाशा चालतो, परंतु आपण कोणत्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यात उभे आहोत हे मोठ्या कागदावर जितके स्पष्ट कळते तितके लहान पडद्यावर कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सातपुडा पायथा (चोपडा)

चर्चेत एक भर घालतो. आपल्याकडेही हा विचार अगदीच परका नाही. आपल्या गाव नकाशावर तुटक दुहेरी रेषेने गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेषेने पायमार्ग दाखवलेला असतो, आणि शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 अन्वये सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. फरक इतकाच की आपल्याकडे हा हक्क बहुतेक वेळा शेतापर्यंत बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा कपाशीचा माल नेण्याच्या गरजेतून मागितला जातो, तर तिकडे काहीही काम नसलेला परगावचा माणूसही केवळ फिरण्यासाठी तो वापरू शकतो. आपले पायमार्ग मात्र बांध कोरता कोरता कित्येक शिवारांत फक्त नकाशापुरते उरले आहेत. ही गोष्ट मला फार लागते.

पांझरेची लेक (धुळे)

काका, काकूंच्या गुडघ्यांचा विचार आधी करावा. दोन शेतांच्या मधल्या कुंपणावरून जाण्यासाठी अनेक ठिकाणी लाकडी पायऱ्या चढून पलीकडे उतरावे लागते, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा हेच अधिक जाचते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी त्या पायऱ्या काढून एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल असे झुलते फाटक बसवले जाते, आणि ते अगदी सोयीचे असते. नकाशावर यांतले काय आहे ते कळत नाही, म्हणून वाट जितक्या हद्दींना छेदते तितक्या वेळा काहीतरी ओलांडावे लागेल असे धरून चालावे. कित्येक कौन्सिले पायऱ्या नसलेल्या वाटांची माहिती स्वतंत्रपणे देतात. मुलीला तीच आधी शोधायला सांगावे.

दुसरी गोष्ट गुरांची. आपल्याकडे कळपाबरोबर गुराखी असतो. तेथे कुरणात गुरे एकटीच असतात, आणि कालवडी तर केवळ कुतूहलाने मागे मागे येतात. शांतपणे चालत राहावे, पळू नये, आणि गाय व तिचे वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. कळपात वासरे असतील तर लांबून वळसा घालणेच शहाणपणाचे. जावईबापूंचा कुत्रा बरोबर असेल तर तो दोरीने बांधलेला असावा, परंतु गुरे अंगावर आलीच तर दोरी सोडून द्यावी, कारण त्यांचा रोख बहुधा कुत्र्यावर असतो. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे.

तापीकाठ (रावेर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पट्टी शेतकऱ्यानेच राखायची असते हे वाचून मनावरचे ओझे उतरले. आता एखादी विशिष्ट वाट सुचवावी, आणि पट्टी राखलेलीच नसेल तर काय करावे तेही सांगावे.

गिरणाकाठ

काका, ऑक्सफर्डहून कॉट्सवोल्ड्स हा टेकड्यांचा प्रदेश जवळ आहे. बॉर्टन-ऑन-द-वॉटर या गावातून सुरुवात करावी. तेथून विंचकोम गावाकडे दोन नावाजलेल्या वाटा जातात. वॉर्डन्स वे ही गावागावांतून जाते, तर विंडरश वे ही टेकड्यांवरील शेतांमधून जाते. त्यामुळे नॉन्टन गावापर्यंत पहिलीने जाऊन दुसरीने परतले की दिवसभराचे वर्तुळ पूर्ण होते. काकूंसाठी मात्र त्यातला पहिला भाग पुरे. लोअर स्लॉटर या गावी जुनी पाणचक्की आहे आणि आय नदीच्या काठाने पुढे अप्पर स्लॉटर लागते. तेथून आपण व जावईबापूंनी पुढे जावे आणि काकूंना मुलीने गाडीने परत आणावे. मेच्या अखेरीस सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. त्या वेळी तिकडचा गहू हिरवा असतो आणि नुकता ओंबीवर येऊ लागतो. आपल्याकडे मार्चमध्येच गहू काढून मोकळे होणाऱ्या माणसाला तो अवश्य पाहावासा वाटेल. या भागासाठी एक्सप्लोरर मालिकेतील ओएल 45 हा नकाशा घ्यावा.

पट्टी राखलेली नसेल तर नकाशातील रेषेच्या दिशेने एकामागे एक, सरळ चालत जावे. कायदा आपल्या बाजूने असतो. पिकाची नासाडी नको म्हणून कडेने वळसा घालावा असे आपल्याला वाटेल, परंतु शेताच्या त्या कडेवर आपला हक्क नसतो, म्हणून रेषा सोडू नये. घरी आल्यावर शेताचे ठिकाण टिपून काउंटी कौन्सिलला कळवावे. त्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्जाची सोय असते.